वाचनात अडणारी मुले आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज ज्या मुलामुलींनी या व्यासपीठावर येऊन पारितोषिके स्वीकारली त्यांचे, आणि त्यांच्यापेक्षाही त्यांच्याबरोबर रात्र रात्र जागलेल्या मातापित्यांचे, आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. शेकडा नव्वदांवर गुण मिळविणाऱ्यांची यादी आपल्या स्मरणिकेत दरवर्षी लांबत चालली आहे, ही गोष्ट ज्ञातीला भूषणावह आहे यात शंका नाही. परंतु चिटणीसांनी विषयाची निवड आमच्यावर सोपविली, आणि त्या मोकळिकीचा लाभ घेऊन, या यादीत ज्यांचे नाव कधी छापले जात नाही अशा मुलांविषयी आज बोलावे असे आम्ही ठरविले. आनंदाच्या प्रसंगी हा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. पण सारी ज्ञाती एका मंडपात जमते असा दुसरा दिवस वर्षात नाही. आणि ज्यांच्याशी आम्हास बोलावयाचे आहे ती मंडळी शाळेच्या पालक-सभेलाही जात नाहीत, कारण तेथे आपल्या मुलाविषयी काय ऐकावे लागणार हे त्यांस आधीच ठाऊक असते. 'मुलगा बोलण्यात हुशार आहे हो, पण अभ्यासात मुळीच लक्ष नाही.' अध्यापनाच्या व्यवसायात आमचे आयुष्य गेले. हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत आम्ही किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही.

अशा मुलाला आपण पाहिलेले नाही असे म्हणणारे घर या मंडपात क्वचितच निघेल. आजीने सांगितलेली गोष्ट ते बारीकसारीक तपशिलासह परत सांगते. कोणत्या सामन्यात कोणी किती धावा केल्या हे त्यास मुखोद्गत असते. दुकानावर बसविले तर गिऱ्हाईक ओळखून बोलते, बिघडलेला पंखा खोलून पुन्हा जोडते. परंतु त्याच मुलाच्या हाती तिसरीचे वाचनपुस्तक द्यावे, की पहिल्या ओळीतच ते घामाघूम होते. एक शब्द गाळते, दुसरा अंदाजाने म्हणते, तिसऱ्यापाशी थांबून छताकडे पाहू लागते. तोंडी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बिनचूक. तेच लिहावयास सांगितले तर कागदावर काय उतरले ते त्याचे त्यालाच वाचता येत नाही. या विसंगतीस शिक्षणशास्त्रात 'विशिष्ट अध्ययन-अक्षमता' असे नाव आहे. वाचनात अडण्याच्या प्रकारास डिस्लेक्सिया, लेखनात अडण्याच्या प्रकारास डिसग्राफिया, आणि अंकांत अडण्याच्या प्रकारास डिसकॅल्क्युलिया म्हणतात; पुष्कळदा एकाच मुलात यांतील दोन किंवा तिन्ही एकत्र नांदतात. दृष्टी व श्रवण ठीक, बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली, शाळा मिळालेली, घरी खाण्यापिण्याची आबाळ नाही, आणि असे असूनही वाचन-लेखन वयाच्या मानाने फार मागे, अशी याची साधारण ओळख सांगता येईल. बौद्धिक अक्षमतेहून ही गोष्ट सर्वस्वी निराळी आहे. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत शंभर मुलांमागे साधारणतः पाच ते दहा मुले अशी आढळतात. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात दोन ते चार.

ही शहरी पालकांनी अलीकडे काढलेली सबब आहे, असे म्हणणारे ज्येष्ठ गृहस्थ आम्हास भेटतात. त्यांच्यासाठी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. इंग्लंडात ससेक्स परगण्यातील सीफर्ड या गावचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, खेळात सवंगड्यांच्या बरोबरीचा, अंकगणितही बरे. परंतु लहानपणापासून शिक्षक ठेवून शिकविले असताही त्यास साधे साधे शब्द वाचता येत नसत. स्वतःचे नाव लिहिताना तो अक्षरांची उलटापालट करी, आणि ती त्याच्या ध्यानातही येत नसे. सारे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत मॉर्गन यांनी नोंदवून ठेवले आहे. त्यांनी या स्थितीस जन्मजात शब्दांधत्व म्हटले. 'अध्ययन-अक्षमता' ही संज्ञा अमेरिकेतील सॅम्युअल कर्क यांनी १९६३ साली रूढ केली. तेव्हा सव्वाशेहून अधिक वर्षे जी गोष्ट वैद्यकास माहीत आहे, ती आपल्या घराच्या उंबरठ्याशी येऊन अजून 'लक्ष नाही' या दोन शब्दांतच अडकलेली आहे.

बोलणे मूल ऐकून ऐकून आपोआप शिकते. वाचणे कोणी शिकविल्यावाचून येत नाही. मनुष्यजात बोलू लागली त्यास कित्येक सहस्र वर्षे लोटली, लिपी मात्र उणीपुरी पाच हजार वर्षांची. मेंदूत वाचनासाठी म्हणून निसर्गाने राखून ठेवलेली जागा नाही. दृष्टी, श्रवण आणि वाणी यांची केंद्रे एकमेकांशी जोडून घेऊन प्रत्येक मुलाला ती वाट नव्याने पाडावी लागते. बहुतेकांची वाट वर्ष-दोन वर्षांत मळते. ज्यांची मळत नाही त्यांच्या बाबतीत दोष बहुधा डोळ्यांत नसतो, तर ध्वनी सुटे करण्यात असतो, असे संशोधनाचे सांगणे आहे. ऐकलेला शब्द फोडून त्यातील ध्वनी वेगळे काढणे या मुलांना अवघड जाते. म्हणून पाच वर्षांच्या मुलाबरोबर भेंड्या खेळताना ते वारंवार अडखळत असेल, यमकाचा शब्द त्यास सुचत नसेल, 'कमळ' या शब्दातून 'क' काढल्यास काय उरते हे त्यास सांगता येत नसेल, तर ते ध्यानात ठेवावे. एवढ्यावरून निष्कर्ष मात्र काढू नये.

आपल्या देवनागरीचा या बाबतीत एक गुण आहे आणि एक अडचणही आहे. जसे लिहिले तसे वाचावे, हा तो गुण. इंग्रजीतल्याप्रमाणे एकाच अक्षराचे चार उच्चार पाठ करावे लागत नाहीत. त्यामुळे मराठी शाळेतले अडणारे मूल रेटून रेटून पुष्कळसे बरोबर वाचू लागते, परंतु संथ. इतके संथ की वाक्याच्या शेवटाशी पोहोचेतो त्याचा आरंभ विसरलेला असतो. चुका थोड्या दिसतात म्हणून शिक्षकही निर्धास्त राहतात. अडचण अशी की, मूळाक्षरे, स्वरचिन्हे आणि जोडाक्षरे मिळून मुलाला शेकडो आकृत्या ओळखाव्या लागतात. घ आणि ध, म आणि भ, प आणि ष यांत अंतर एखाद्या रेघेचे किंवा गाठीचे. पहिली वेलांटी उच्चारात मागाहून येते, पण कागदावर आधी बसते. 'दिवा' लिहिताना मूल 'द'पाशी घुटमळते ते यामुळे. रफार उच्चारात आधी असून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो, आणि 'सर्प' याचा 'सप्र' होतो. अशा चुका आरंभी प्रत्येक मूल करते. पहिलीतल्या चुका चौथीतही तशाच राहिल्या तर त्यांस बेपर्वाई म्हणावयाचे आपण थांबविले पाहिजे.

अंकांचेही तसेच. 'सदतीस' म्हणताना सात आधी ऐकू येतात, लिहावयाचे मात्र तीन आधी. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी संख्या-वाचनाची रीत दिली तेव्हा महाराष्ट्रात केवढे काहूर उठले आणि विनोदांचा कसा पाऊस पडला, हे आपणांस आठवत असेल. गणित विषय-समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी संख्यानामांतील जोडाक्षरे व उलटा क्रम यांमुळे मुलांस पडणारी अडचण त्या वेळी समजावून सांगितली होती. ती रीत चांगली की वाईट या वादात आम्ही शिरत नाही. आम्हास नवल वाटले ते इतकेच की, भाषेच्या वैभवाविषयी बोलणारे पुष्कळ निघाले, पण ३७ आणि ७३ यांत रोज गोंधळून रोज बोलणी खाणाऱ्या मुलाची आठवण फार थोड्यांना झाली.

इंग्रजी शाळांतून मुले घालणाऱ्या पालकांस तर एक आयतेच समाधान सापडते. घरी इंग्रजी कोणी बोलत नाही, तेव्हा मुलगा मागे पडणारच, असे म्हणून ते तीन-चार वर्षे वाट पाहतात. कधी ते खरेही असते. परंतु मूल मराठी पाटीही वाचू शकत नसेल तर दोष माध्यमाचा कसा?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, तो काळाचा. पहिली ते तिसरी ही वाचन शिकण्याची वर्षे होत. चौथीपासून इतिहास, भूगोल, परिसर-विज्ञान, गणितातील शाब्दिक उदाहरणे, सारे वाचनाच्या आधारे शिकावे लागते. ज्याचे वाचन मागे राहिले त्याचे मग सारेच मागे राहते, आणि जे मूल प्रारंभी एका गोष्टीत कच्चे होते ते सातवीपर्यंत सर्व विषयांत 'ढ' ठरते. सहा-सात वर्षांच्या वयात मेंदूची घडण अधिक लवचिक असते, आणि मागे पडलेले अंतरही थोडे असते. तेव्हा दिलेली मदत थोड्या श्रमात पुष्कळ फळ देते. तीच मदत बाराव्या वर्षी दिली तर गुण येतो, पण वेळ अधिक लागतो आणि तोवर मुलाच्या मनाचे जे व्हावयाचे ते होऊन गेलेले असते. सोमवारी सकाळी पोट दुखणे, वही हरवणे, प्रकट वाचनाची पाळी येण्यापूर्वी वर्गात मुद्दाम दांडगाई करून बाहेर काढले जाणे, या युक्त्या मुले कोणी न शिकविता शिकतात. वाचता येत नाही हे उघड होण्यापेक्षा द्वाड म्हणवून घेणे त्यांस बरे वाटते.

आणि आपल्याकडे निदान केव्हा होते? मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा मुलांसाठी चिकित्सालय आहे. तेथून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत निदानाच्या वेळचे सरासरी वय अकरा वर्षांच्या आसपास दिसते, आणि ही मुंबईची गोष्ट झाली. तालुक्याच्या गावी नववी उजाडते. पूर्वी मूल नापास होई आणि त्या निमित्ताने तरी घरात चौकशी होई. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून अमलात आला, आणि आठवीपर्यंत कोणास मागे ठेवावयाचे नाही असे ठरले. हेतू उत्तम होता. परंतु न वाचणारे मूल कोणाच्याही डोळ्यांवर न येता नववीपर्यंत सरकत जाऊ लागले. २०१९ साली केंद्राने या नियमात बदल करण्याची मुभा राज्यांस दिली, आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. ती आली म्हणून वाचन येणार नाही, हे उघड आहे. पाचवी म्हणजेही उशीरच.

नववी-दहावीत मग धावाधाव होते ती दाखल्यासाठी. अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांस शालान्त परीक्षेत सवलती देण्यात महाराष्ट्राने देशात पुढाकार घेतला, १९९६ साली. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, एखाद्या भाषेतून सूट, गणिताऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित, असे त्यांचे स्वरूप राहिले आहे. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश एकवीस प्रकारांत केला, आणि अशी मुले शक्य तितक्या लवकर हुडकून योग्य ते शैक्षणिक उपाय योजावेत हे शाळांचे कर्तव्यच ठरविले. या सवलती न्याय्य आहेत. त्यांस आडून 'पळवाट' म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. तथापि सवलत ही परीक्षेच्या तीन तासांपुरती असते. जादा वेळ मिळाला म्हणून वाचता येत नाही. आमच्या पाहण्यात असे पालक आहेत की, ज्यांनी दाखल्यासाठी रुग्णालयाच्या पाच खेपा घातल्या, दाखला हाती पडताच तो प्लास्टिकच्या आवरणात घालून जपून ठेवला, आणि त्याबरोबर दिलेल्या अहवालात मुलास रोज काय शिकवावे म्हणून लिहिले होते ते पान उलगडलेही नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. औपचारिक निदान व दाखला आठ वर्षांच्या आत बहुधा देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. कारण त्याआधी उशिरा उमलणारे मूल आणि खरोखर अडणारे मूल यांतील भेद खात्रीने सांगता येत नाही. पण याचा अर्थ आठव्या वर्षापर्यंत हातावर हात ठेवून बसावे असा पुष्कळांनी करून घेतला आहे. दाखल्याचे वय आणि मदतीचे वय ही दोन निराळी आहेत. सहा वर्षांच्या मुलाबरोबर ध्वनीचे खेळ खेळावयास, अक्षरांची उजळणी निराळ्या रीतीने करून घ्यावयास कोणाच्या शिक्क्याची गरज नाही. मूल केवळ उशिरा उमलणारे असेल तर त्या सरावाने त्याचे काही बिघडत नाही.

तपासणी म्हणजे काय, याविषयीही भीती आहे म्हणून थोडक्यात सांगतो. आधी डोळे व कान तपासावयाचे, नंतर बालरोगतज्ज्ञ, मग मानसशास्त्रज्ञ बुद्धिमापनाची कसोटी घेतो. ही कसोटी कोणाला पहिला-दुसरा लावण्यासाठी निघालेली नाही. पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने यांनी ती रचली तीच मुळी वर्गात मागे पडणारी मुले वेळीच ओळखून त्यांस निराळे शिक्षण देता यावे म्हणून. कामत यांनी धारवाडास तिचे मराठी व कानडी मुलांसाठी रूपांतर केले, मालिन यांनी नागपुरास १९६९ साली भारतीय मुलांसाठी दुसरी एक श्रेणी तयार केली, आणि या दोन्ही पुढे देशभर वापरल्या गेल्या. शेवटी वाचन, लेखन व गणित यांच्या शैक्षणिक कसोट्या, आणि त्या मूल ज्या भाषेत शिकते त्या भाषेतच घेतल्या पाहिजेत. मराठीत शिकणाऱ्या मुलाची परीक्षा इंग्रजी शब्दांच्या यादीवर घेतल्याचे प्रकार घडलेले आहेत. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांसाठी 'डाली' नावाचा तपासणी-संच सिद्ध केला; पहिली-दुसरीच्या मुलांची प्राथमिक चाचपणी वर्गशिक्षकालाच करता यावी, अशी सोय त्यात आहे. या साऱ्यात सुई नाही, औषध नाही, वेदना नाही. दोन-तीन सकाळी जातात.

उपायाचे म्हणाल तर औषधाने हे जात नाही, आणि तीच ती शिकवणी दुप्पट लावल्यानेही जात नाही. उपयोगी पडते ते विशेष प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाने रोज किंवा आठवड्यातून निदान तीन-चार वेळा, एकट्या मुलाला वा दोघा-तिघांना घेऊन केलेले क्रमवार शिक्षण. अक्षर डोळ्यांनी पाहावयाचे, तोंडाने म्हणावयाचे, कानांनी ऐकावयाचे आणि त्याच वेळी बोटाने वाळूत किंवा खरखरीत कागदावर गिरवावयाचे. एक ध्वनी पक्का झाल्यावाचून दुसरा घ्यावयाचा नाही. मॉन्टेसोरी बाईंची खरखरीत कागदाची अक्षरे आपल्याकडे ताराबाई मोडकांच्या पिढीने आणली. त्याही आधी पंतोजींच्या शाळेत मुले धुळपाटीवर बोटाने धुळाक्षरे गिरवीत व मोठ्याने म्हणत. तेव्हा बोटांना अक्षर शिकविण्याची कल्पना आपल्या मातीस परकी नाही. त्याच पंतोजींच्या दुसऱ्या हातात छडी असे, हेही खरे. आणि आपल्या घराघरांतून धुळपाटी गेली, छडी मात्र कोणत्या ना कोणत्या रूपाने राहिली.

घरी काय करावे? रोज पंधरा-वीस मिनिटे मुलास वाचून दाखवावे, म्हणजे त्याचे ज्ञान त्याच्या वाचनाच्या वेगाशी जखडून राहत नाही. चुकलेला शब्द शंभर वेळा लिहावयास लावू नये. धाकट्या बहिणीशी तुलना करू नये. डोळ्यांचे व्यायाम, रंगीत काचांचे चष्मे, स्मरणशक्तीची चाटणे यांच्या जाहिराती येतात. वाचनातील अडचण त्यांनी दूर होते यास आधार मिळालेला नाही, आणि त्यांवर जाणाऱ्या पैशात सहा महिन्यांचे विशेष शिक्षण होते.

२००७ साली 'तारे जमीन पर' हा चित्रपट आला आणि या विषयाची ओळख घरोघर झाली, हे त्या चित्रपटाचे उपकार आहेत. चित्रपटगृहात पुष्कळांचे रुमाल भिजले. परंतु त्यातून एक नवे ओझे निघाले. अशा प्रत्येक मुलात एखादा चित्रकार किंवा शास्त्रज्ञ दडलेला असतोच, अशी समजूत झाली, आणि थोरामोठ्यांच्या नावांच्या याद्या फिरू लागल्या. त्यांतील पुष्कळ नावांस, तपासू जाता, फारसा आधार हाती लागत नाही. आपले मूल असामान्य निघाले नाही तरी त्यास वाचता यावे एवढा त्याचा अधिकार पुरेसा आहे, असे आमचे नम्र मत आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे व्याख्यान शाळेत न देता ज्ञातीच्या मंडपात देत आहो, ती बोलतो. आमच्या माहितीतील, आपल्यापैकीच एका घरात दोन भाऊ. थोरला दहावीस दोनदा बसला, दोन्ही वेळा भाषा व गणित राहिले, आणि शेवटी एका मोटार-दुरुस्तीच्या कारखान्यात लागला. काम उत्तम करतो. धाकट्याच्या दुसरीतल्या शिक्षिकेला संशय आला. तिने आईस बोलावून मोठ्या शहरात तपासून घ्या म्हणून सांगितले. घरात वडील माणसांचा विरोध झाला तो पैशासाठी नव्हे. मोठ्या मुलीचे लग्न त्या वर्षी जमवावयाचे होते. रुग्णालयाचा कागद घरात आला, त्याचा बोभाटा झाला, तर मुलीच्या भावात 'काही तरी आहे' असे मध्यस्थाच्या कानावर जाईल, ही धास्ती. ती निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या वधू-वर मेळाव्यांत कशा कशाची चौकशी होते हे आपण सर्व जाणतो. त्या माउलीने अखेर माहेरी जात असल्याचे सांगून मुलास तपासून आणले. तीन वर्षे त्याला एका विशेष शिक्षिकेकडे पाठविले. तो आज सहावीत आहे. हस्ताक्षर वाईटच आहे, वाचनही सावकाश आहे. पण वर्तमानपत्रातले क्रीडापान तो आपणहून वाचतो, आणि शाळेत जाताना पोट दुखत नाही. मुलीचे लग्नही यथाकाल झाले. मध्यंतरी थोरला आम्हास एकटाच भेटला, आणि तेविसाव्या वर्षी ही तपासणी होते काय, म्हणून त्याने हळूच विचारले. होते, असे आम्ही सांगितले.

ही अक्षमता घराण्यात उतरते, हे खरे आहे. आईवडिलांपैकी एकास असेल तर मुलात ती असण्याचा संभव पुष्कळ वाढतो. आपल्या घराण्यांत 'शाळेत मन रमले नाही म्हणून धंद्यात पडले' असे काका-मामा आहेत, त्यांतील किती जण असे असतील कोण जाणे. तो रोग नाही, वेड नाही, आणि लपविण्याने कमी होत नाही. उलट लपविल्याने पुढच्या पिढीतले मूलही नववीपर्यंत सापडत नाही. मुलींचे तर अधिकच कठीण. त्या वर्गात दंगा करीत नाहीत, मुकाट्याने फळ्यावरचे उतरवून घेतात, म्हणून तपासणीस मुलगेच अधिक येतात. सरसकट पाहणी केली तेथे मुलगे व मुली यांतील अंतर चिकित्सालयात दिसते त्याहून कमी आढळले आहे. न वाचणाऱ्या मुलीला अभ्यासात गोडी नाही असे म्हणून स्वयंपाकघरात वळविणे फार सोपे असते.

मंडळाच्या चालकांस आमची विनंती अशी आहे. आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीतून शिष्यवृत्ती मिळावयास शेकडा साठ गुणांची अट आहे. ज्यास मदतीची सर्वांत अधिक गरज, तो या अटीमुळे दारातच अडतो. निधीचा काही भाग या अटीतून मोकळा करावा, आणि तो पहिली ते चौथीतील मुलांच्या तपासणीचा प्रवासखर्च व विशेष शिक्षणाची फी यांसाठी राखावा. आपले वसतिगृह सुट्टीत रिकामे असते. तेथे प्राथमिक शिक्षकांसाठी चार दिवसांचा वर्ग भरवावा, आणि तो सर्व शाळांतील, सर्व ज्ञातींच्या शिक्षकांस खुला ठेवावा, कारण आपली मुले ज्यांच्या हाताखाली शिकतात ते शिक्षक सर्व समाजांचे आहेत. निधीतून साहाय्य घेणाऱ्या मुलांची नावे मात्र स्मरणिकेत छापू नयेत, सभेत वाचू नयेत, हिशेबात केवळ आकडा दाखवावा. देणगीदारांची नावे हवी तेवढ्या ठळक टाईपात छापावीत, त्यास आमची हरकत नाही.

हे सर्व ठराव होऊन अमलात येईतो वर्ष जाईल, आणि दुसरीतले मूल तिसरीत जाईल. म्हणून तोवर एवढे करता येईल. उद्या रविवार आहे. सकाळी नऊपासून आम्ही व आमच्या परिचयाच्या दोन विशेष शिक्षिका वसतिगृहाच्या वाचनालयात बसणार आहोत. ज्यांच्या मनात आपल्या मुलाविषयी शंका असेल त्यांनी त्यास घेऊन यावे. आजी-आजोबांनी आणले तरी चालेल. नाव लिहून घेतले जाणार नाही. प्रगतिपुस्तक आणू नये. मुलाने स्वतः लिहिलेली, शिकवणीच्या ताईने सुधारून न दिलेली एक वही, आणि त्याला आवडते असे कोणतेही एक पुस्तक आणावे. असे पुस्तक घरी नसेल तर तेही येऊन सांगावे.